उणे नऊ, अधिक आठ

डंजन्स अँड ड्रॅगन्सची साडेतीन आवृत्ती 2003 ची. त्यानंतर 2008 ला चौथी आली, 2014 ला पाचवी आली, तरी शिरढोणचा आमचा शनिवारचा अड्डा साडेतीनलाच चिकटून आहे. आणि इतकी वर्षं झाली तरी एक वाद काही मिटत नाही. बचावाचे फीट एकावर एक रचायचे की नाही? आमचा डीएम म्हणतो, एका वेळी एकच. बाकीची मंडळी म्हणतात, असला भित्रा फायटर हवाय कुणाला? मला दोघांचंही पटत नाही.

आधी नियम बघू. कॉम्बॅट एक्स्पर्टीज घेतलेला फायटर स्वतःच्या वारातून जास्तीत जास्त 5 वजा करून तेवढेच आर्मर क्लासमध्ये टाकू शकतो. बचावात्मक लढणं तर कुणालाही जमतं, त्याला फीट लागत नाही: वाराला उणे 4, बचावाला अधिक 2. वर डॉज फीट, निवडलेल्या एका शत्रूविरुद्ध अधिक 1. हे तिन्ही डॉज बोनस आहेत, आणि डॉज बोनसची बेरीज होते असं पुस्तकच सांगतं. डीएमसाहेबांचा सगळा भार एक्स्पर्टीजच्या खालच्या 'नॉर्मल' या ओळीवर. अहो, फीट नसलेला माणूस काय करू शकतो एवढंच ती ओळ सांगते. फीट घेतल्यावर ते विसरायचं, असं तिथे कुठे लिहिलंय? शिवाय फुकट काहीच मिळत नाही. वाराला चांगले 9 कापले जातात.

आता 'भित्रा' म्हणणाऱ्यांसाठी हिशोब. पाचव्या पातळीचा फायटर घ्या, आर्मर क्लास 19, वार अधिक 10. समोर पुस्तकातला साधा ओगर: वार अधिक 8, आर्मर क्लास 16. एरवी ओगरला फाशावर 11 लागतात, म्हणजे निम्मे वार बसतात. सगळं रचलं की आर्मर क्लास 27, ओगरला 19 लागतात, दहातला एकच वार बसतो. आपले वार 75 टक्क्यांवरून 30 वर येतात. लढाई अडीचपट लांबते, पण मार पाचवा हिस्सा. म्हणजे एकूण मार निम्माच! यात भित्रेपणा कुठे आला राव?

पण थांबा. हा हिशोब ओगर समोर उभा राहिला तरच खरा. त्याची बुद्धी 6 असली तरी डोळे आहेत ना! लोखंडाच्या या पिंपावर सोटा आपटण्यापेक्षा तो बाजूने निघून मागच्या विझर्डचं डोकं फोडेल. नुसता आर्मर क्लास वाढवणाऱ्या आमच्या कित्येक वीरांनी असेच विझर्ड मारवलेत, स्वतःला ओरखडाही न येता. त्यांच्यावर माझा राग डीएमपेक्षा जास्त आहे.

इथे घरातून बाहेर पडलं की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. 1670 मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी तो किल्ला घेतला तो आडोसे उभारत, त्यांच्या आड पुढे पुढे सरकत. आडोसा बचावाचाच, पण तो गडाच्या दिशेने चालत होता. ही चाल फायटरला जमवायची तर एक्स्पर्टीजवर इम्प्रूव्ह्ड ट्रिप घ्या (एक्स्पर्टीजशिवाय तो मिळतच नाही), जोडीला कॉम्बॅट रिफ्लेक्सेस, आणि हातात लांब पल्ल्याची साखळी. शत्रू बाजूने निघाला की संधीचा वार मिळतो, त्यात पाय ओढा. गंमत बघा, पाडताना आधीचा स्पर्श-वार उणे 9 ने होतो, पण त्यात चिलखत मोजत नाहीत. ओगरचा स्पर्शाचा आर्मर क्लास फक्त 8! पुढची ताकदीची झटापट हा वार नाहीच, तिला उणे 9 लागूच होत नाही. ओगर धिप्पाड, मोठ्या आकाराचे अधिक 4 त्याच्याकडे, तेव्हा दर वेळी पडणार नाही. पण पडला की उठताना पुन्हा संधीचा वार.

बेसावध पकडला गेलात, तर सगळे डॉज बोनस त्या क्षणी गळतात, आणि फायरबॉलला आर्मर क्लास विचारायची सवय नाही. डीएमला अडवायचंच असेल तर तिथून अडवावं की! चोर पाठवावा, जादूगार पाठवावा. नियम कसले बदलता?

असो. येत्या शनिवारी मी साखळी घेऊन येतोय. विझर्ड कोण होतंय तेवढं आधी कळवा.