आठ बाय चारचं भूत

मागच्या रविवारी ऑफिसातला एक ज्युनियर घरी आला होता. हॉलमधल्या पुस्तकांच्या शेल्फवर माझी चार फुटांची रेल्वे आहे. चहा गार होईपर्यंत तो तिच्या वाघिणी इकडून तिकडे ढकलत बसला. निघताना बूट घालताघालता म्हणाला, "भारी आहे हे. मी पण करणार आहे, पण एकदम नीट. थ्री बीएचके घेतला की."

मी नुसता हसलो. पण तो गेल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला, कारण हेच वाक्य मी स्वतः अकरा वर्षं म्हणत होतो. जागा झाली की. पगार वाढला की. पोरं मोठी झाली की. या 'की'ने माझं नक्की काय नुकसान केलं ते पुढे सांगतोच. आधी मुद्दा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना तयारी करता येईल: मॉडेल रेल्वे करायची असेल तर मोठ्या घराची वाट बघणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. आणि वाट बघताबघता खरेदी करत राहणं हा त्याहून महाग मूर्खपणा.

आता हे भूत येतं कुठून? माझ्या बाबतीत ते कोथरूडमधून आलं. जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून तिथे आहे आणि पुण्यात शिकलेल्या बहुतेक पोरांनी ते एकदा तरी पाहिलेलं असतं. कॉलेजात असताना मी तिथून बाहेर पडलो ते भारावूनच. पण सोबत एक चुकीचा धडाही घेऊन आलो, की रेल्वे करायची तर अशी, नाहीतर करूच नये. अहो, ते एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामातून उभं राहिलंय. शनिवारवाडा बघून आल्यावर कोणी "आता वन बीएचके घेण्यात अर्थ नाही" असं म्हणतं का?

दुसरं भूत प्लायवुडचं. एचओ स्केल म्हणजे खऱ्याच्या एक सत्त्याऐंशींश. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. यात गाडी गोल फिरवायची तर वळणाची त्रिज्या साधारण १८ इंच तरी लागते, म्हणजे गोलच तीन फुटांचा. कडेला थोडी जागा सोडली की चार फूट झाले. योगायोगाने प्लायवुडची शीट येते आठ बाय चार. झालं! तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या नवशिक्याला आठ बाय चार हेच सांगितलं जातं. पण त्या शीटच्या मधोमध गाडी पडली तर हात कसा पोचणार? चारी बाजूंनी दोन-दोन फूट वावरायला सोडा. आता हिशेब करा: बारा गुणिले आठ, ९६ चौरस फूट. आपल्याकडच्या फ्लॅटमधली अख्खी दुसरी बेडरूम. एका खेळण्यासाठी. घरात हा प्रस्ताव मांडून दाखवा, मग बोलू.

जागा नव्हती म्हणून मी काय केलं? खरेदी. पहिल्या ऑनसाइटहून येताना एक स्टार्टर सेट आणला. दुसऱ्या ऑनसाइटला दोन इंजिनं. मग डिस्काउंट होता म्हणून डबे. सगळं खोक्यांत, खोकी माळ्यावर. एकूण आकडा मी बायकोला आजतागायत सांगितलेला नाही आणि इथेही सांगणार नाही, ती हे वाचते. अकरा वर्षांत त्या माळ्यावरच्या रेल्वेने एक सेंटिमीटर प्रवास केला नाही.

आता नुकसानीचं सांगतो. माझं आजोळ खानदेशात, शेंदुर्णीला. पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज लाइन आमच्या गावावरून जायची. सगळे तिला 'पीजे' म्हणायचे. दोन फूट सहा इंचांचे रूळ, रमतगमत चाललेली गाडी. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाचोऱ्याला मोठ्या गाडीतून उतरून तिच्यात बसायचं, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. मोठा लेआउट करीन तेव्हा त्याच्या एका कोपऱ्यात पीजेचं छोटं स्टेशन करायचं, हे मी केव्हाच ठरवलं होतं. त्यासाठी एकदा टेप आणि कॅमेरा घेऊन जायचं, सगळी मापं घ्यायची. घाई काय आहे? आधी घर तर होऊ दे.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि देशभरातल्या गाड्यांबरोबर पीजेही थांबली. बाकीच्या बहुतेक पुन्हा सुरू झाल्या. पीजे झाली नाही. त्या मार्गाचं ब्रॉडगेज करायचं ठरलं. शंभरेक वर्षं चाललेली गाडी मला अकरा वर्षं मुदत देऊन गेली, आणि मी त्या काळात डिस्काउंट शोधत होतो.

त्यानंतर जे केलं ते आधीच करता आलं असतं. त्याला फक्त चार फूट बाय नऊ इंच जागा लागली.

ब्रिटनमधल्या ॲलन राइट नावाच्या हौशी माणसाने 'इंगलनुक सायडिंग्ज' नावाची एक रचना लोकप्रिय केली. दोन सांधे, तीन सायडिंग. एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. आणि इंजिनाला पुढेमागे व्हायला एक तुकडा, त्यात इंजिन अधिक तीन वाघिणी. बस. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने गाडी जुळवायची. आठातून पाच, क्रमासकट: आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे ६,७२० वेगवेगळ्या गाड्या. रोज एक जुळवली तरी अठरा वर्षं पुरतील. आपल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. प्रत्येक सायडिंग म्हणजे एक स्टॅक: शेवटी आत गेलेली वाघीण आधी बाहेर. क्नुथने स्टॅक समजावताना रेल्वेच्या सायडिंगचंच उदाहरण घेतलंय आणि डाइक्स्ट्राच्या अल्गोरिदमचं नावच शंटिंग यार्ड आहे. कॉलेजात पाठ केलेलं इथे बोटांनी करायचं.

अमेरिकेत कार्ल अरेंड्ट यांनी (ते २०११ मध्ये गेले) अशा चिमुकल्या लेआउट्सचा पुरस्कार केला. त्यांची मर्यादा होती चार चौरस फूट. माझा तीनच भरतो.

"पण स्केल? गेज? अचूकपणाचं काय?" हा प्रश्न येणारच, इंजिनियर वाचतायत. तर करा हिशेब. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. एचओमध्ये ती सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवी, पण बाजारातला एचओ रूळ साडेसोळाचा. म्हणजे चौदा टक्के चूक, राजधानी लावा नाहीतर डेक्कन क्वीन. आता पीजेची नॅरोगेज: ७६२ मिलिमीटर. एचओमध्ये पावणेनऊ. आणि एन स्केलचा तयार रूळ नऊ मिलिमीटरचा, जगभर मिळतो. चूक तीन टक्क्यांच्या आत. म्हणजे लहान आणि स्वस्त लेआउट मोठ्या महागड्यापेक्षा जास्त अचूक! बार्शी लाइट, जी १८९७ मध्ये सुरू झाली, तीही याच गेजची होती.

खर्च सांगतो, कारण बजेट म्हणून मोघम बोलणारे लोक मला आवडत नाहीत. दोन सांधे ४,२००. रूळ १,३००. मोटार असलेली छोटी चॅसी ४,५००. एन स्केलच्या आठ सेकंडहँड वाघिणी ३,२००, त्यांची चाकं आणि खालचा सांगाडा ठेवून वरचं सगळं काढून टाकलं. सनबोर्ड, फळी, रंग, वायर आणि मोटारीचा स्पीड कंट्रोलर मिळून ९००. बेरीज १४,१००. वीज जुन्या राउटरच्या बारा व्होल्टच्या अडॅप्टरची, फुकट. इंजिनाची आणि वाघिणींची बॉडी लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची (आमच्याकडे साठा मुबलक आहे). झाडांसाठी नारळाचा काथ्या आणि रंगवलेला भुसा. जमिनीसाठी वाळवलेला चहाचा चोथा आणि शेंदुर्णीहून आणलेली खरी काळी माती, मैद्याच्या चाळणीतून चाळून. फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडायचं, सकाळपर्यंत सगळं दगडासारखं बसतं. कपलर सोडवायला उदबत्तीची काडी.

मात्र बजेट म्हणजे सगळीकडे कात्री नव्हे. सांधे, रूळ आणि इंजिनाची मोटार यात पैसे वाचवायचे नाहीत. सांध्यावर अडखळणारं इंजिन दोन संध्याकाळी सहन होतं, तिसऱ्या संध्याकाळी तुम्ही ते माळ्यावर टाकता. झाड वाकडं असलं तर चालतं, खरी झाडंही वाकडीच असतात. रूळ वाकडा चालत नाही. वर दिलेल्या हिशेबात दहा हजार याच तीन गोष्टींत गेलेत, आणि ते बरोबर गेलेत.

आता आक्षेप. "गाडी गोल फिरलीच नाही तर मजा काय?" खऱ्या गाड्या गोल फिरतात का हो? गोल फिरणाऱ्या गाडीकडे माणूस दहा मिनिटं बघतो आणि मग मोबाइल काढतो. शंटिंगमध्ये पुढची चाल तुमची असते.

"एवढं कमावतोस, मग कंजूषपणा कशाला?" हा माझ्या भावाचा प्रश्न. यात पैशाचा भाग आहेच. २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. या छंदातलं बहुतेक सामान बाहेरून येतं, त्यामुळे प्रत्येक हौसेला दंड बसला. पण खरी गोष्ट वेगळी आहे. कार्डाने खरेदी केली की हात काही शिकत नाहीत. एमआयटीत १९४६ मध्ये टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला. 'हॅक' हा शब्द आपल्या अर्थाने रुजवणारी मंडळी तीच. त्यांचा लेआउट लहान नव्हता, कबूल. पण त्याच्या खालची यंत्रणा त्यांनी टेलिफोनच्या रिलेमधून स्वतः जुळवली होती. आपण स्वतःला त्यांचे वारस म्हणवतो आणि ॲड टू कार्ट करतो!

"लहान म्हणजे तात्पुरतं, मोठ्याची तालीम." हाही आक्षेप मला मान्य नाही. माझा लेआउट पूर्ण आहे. त्याला 'फेज टू' नाही. आपल्या धंद्यात आपण इतकी अर्धी कामं पुढच्या रिलीजमध्ये ढकलतो, की पूर्ण झालेली वस्तू हातात धरायची सवयच गेलीय.

गेल्या वर्षी मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे तीन आठवडे होते. तेव्हा फळीवर नुसते रूळ होते. डोळ्यावरची पट्टी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "अरे भाच्या, निंबाचं झाड तिकडं नाही, इकडं. तिकडं कापसाच्या गाठी पडायच्या." मी झाड उपटून इकडे लावलं. मग मी विचारलं, "मामा, स्टेशनच्या खोलीवर तेव्हा कौलं होती की पत्रा?" ते बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता नाही रे आठवत."

आईला विचारलं, मावशीला विचारलं. एकीचं म्हणणं कौलं, दुसरीचं पत्रा. अकरा वर्षांतल्या कुठल्याही एका शनिवारी मी जाऊन बघू शकलो असतो. रात्रीची गाडी, सकाळी पाचोरा, खिशात टेप. तेवढ्याला थ्री बीएचके लागत नव्हता. शेवटी मी अर्ध्या छपरावर कौलं टाकली आणि अर्ध्यावर पत्रा. आता घरी आलेला प्रत्येक जण विचारतो हे असं का, आणि मी सांगतो.

तर ज्युनियरसाहेब, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे. फ्लॅट घ्या, पार्टी द्या. पण त्याआधी या शनिवारी तुमच्या गावाकडचं जे काही छोटं स्टेशन, गुदाम किंवा फाटक तुम्हाला आवडतं तिथे जाऊन या. मुंबईकरांना नेरळ-माथेरान आहेच. स्टेशन मास्तरांना विचारून फोटो काढा, दाराची रुंदी मोजा, छपरावर काय आहे ते लिहून ठेवा. मग रविवारी माझ्याकडे या. चार फुटांची एक फळी माझ्याकडे जास्तीची पडली आहे.