चित्रवहीला गुण नकोत

चित्रवही ही नकलांची वही नव्हे. ती डोळ्यांची रोजनिशी होय. छापील चित्र हुबेहूब उतरविताना पाहणारा दुसराच असतो. आपला केवळ हात राबतो.

रंगपेटी नाही, ही सबबही टिकणारी नाही. पिकासोने १९१२ साली चित्रात मेणकापडाचा तुकडा चिकटविला. वारली चित्रकार तांदळाचे पीठ पाण्यात कालवून गेरूच्या भिंतीवर चित्रे काढीत आले. त्याच कलेसाठी जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री लाभली.

मग जामसांवलीच्या मुलांना काय उणे आहे? पिंपळाचे गळलेले पान कागदाखाली ठेवून वर पेन्सिल घासा, आणि उमटलेल्या शिरांतून नदी शोधा. शेतातील काळी माती डिंकाच्या पाण्यात कालवून पावसापूर्वीचे आभाळ रंगवा. कापूस, संत्र्याची वाळलेली साल व जुने वर्तमानपत्र चिकटवून बाजाराचा दिवस दाखवा.

पालकांना व शिक्षकबंधूंना एकच विनंती: या वहीस गुण देऊ नयेत. गुण आले की मूल परीक्षकाच्या डोळ्यांनी पाहू लागते. स्वतःच्या नजरेने बिघडलेले पान हे दुसऱ्याच्या नजरेने साधलेल्या पानाहून अधिक मोलाचे आहे.