कीझबीच्या रात्री, दोनदा गायिलेल्या

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात रॅरिटन नदीच्या काठी कीझबी नावाची एक लहानशी वस्ती आहे. वुडब्रिज या नगराचाच तो एक कोपरा. जवळच एडिसन हे गाव, जेथे आपल्या मंडळींची इतकी बिऱ्हाडे झाली आहेत की तेथील वाण्याकडे मेतकूट आणि भाजणी मागताना कोणाला संकोच वाटत नाही. कीझबीला मात्र कोणी मुद्दाम जात नाही. तेथे पाहण्यासारखे देऊळ नाही, की कोणा थोर पुरुषाचे जन्मस्थान नाही. तरीही स्का-पंक नावाच्या संगीतावर जीव टाकणाऱ्या हजारो तरुणांना हे नाव पाठ आहे, कारण ‘कीझबी नाइट्स’ या नावाची एक ध्वनिमुद्रिका आहे. किंबहुना दोन आहेत. तीच चौदा गाणी, तोच क्रम, तोच कवी आणि तोच गायक. पहिली १९९८ सालची, दुसरी २००६ सालची. यांतली खरी कोणती, यावर त्या रसिकांत वीस वर्षे वाद चालू आहे.

या वादाची ओळख मला माझ्या दोन भाच्यांनी करून दिली. थोरली बहीण लग्नानंतर एडिसनला गेली. तिची ही मुले तेथेच वाढली. दोघांत सहा वर्षांचे अंतर. थोरला १९९८ च्या बाजूचा, धाकटा २००६ च्या. एरवी एकमेकांवाचून पान न हलणारे हे बंधू या एका विषयावर मात्र हमरीतुमरीवर येतात. “मामा, तुम्ही मराठीचे एम. ए., पाठभेदांचा अभ्यास केलेला, तुम्हीच निवाडा करा,” असे म्हणून त्यांनी दोन्ही मुद्रणे मला पाठवून दिली. पाठभेदाचे नाव काढल्यावर कोणता मराठीचा शिक्षक स्वस्थ बसेल?

प्रथम या संगीताविषयी थोडे सांगितले पाहिजे. स्का हे मूळचे जमैका बेटातले. १९६२ साली तो देश स्वतंत्र झाला, त्याच सुमाराचे हे संगीत. एक, दोन, तीन, चार अशा मात्रा मोजू लागलो तर गिटारचा झणका मात्रेवर पडत नाही. दोन मात्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. त्यामुळे ऐकणाऱ्याचा पाय आपोआप उचलला जातो. वर ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचा ताफा. आपल्या इंदुरातल्या वरातींचा बँड ज्याने कान देऊन ऐकला आहे, त्याला या पितळी वाद्यांचा उल्हास परका वाटणार नाही.

एका शाळेचा उल्लेख येथे केल्यावाचून माझ्याने राहवत नाही. किंग्स्टन शहरात जोगिणींनी चालविलेली ‘अल्फा बॉइज स्कूल’ नावाची शाळा होती. अनाथ, गरीब आणि वाट चुकलेली मुले तेथे येत. सिस्टर मेरी इग्नेशियस या जोगीणबाईंनी त्या मुलांच्या हाती वाद्ये दिली. १९६४ साली स्थापन झालेल्या ‘स्काटालाइट्स’ या विख्यात वाद्यवृंदातील डॉन ड्रमंड, टॉमी मकुक, लेस्टर स्टर्लिंग हे वादक याच शाळेचे. सरकारी शाळेत तीस वर्षे घालविलेल्या माणसाला असे काही वाचले की दोन रात्री बरी झोप लागते.

पुढे जमैकाची माणसे पोटासाठी इंग्लंडात गेली, त्यांच्याबरोबर हे संगीतही गेले. १९७९ साली कॉव्हेन्ट्री येथे जेरी डॅमर्स याने ‘टू टोन’ ही संस्था काढली आणि काळे-गोरे तरुण एकाच रंगमंचावर वाजवू लागले. अमेरिकेत पुढे त्याला पंक संगीताचा वेग आणि आरडाओरडा येऊन मिळाला. याला तेथे स्काची तिसरी लाट म्हणतात.

या तिसऱ्या लाटेच्या भरात, १९९६ च्या सुमारास, कीझबीपासून फार दूर नसलेल्या ईस्ट ब्रन्सविक गावी ‘कॅच २२’ हा बँड उभा राहिला. गाणी रचणारा आणि गाणारा टोमास काल्नोकी तेव्हा विशीच्या आतला. मार्च १९९८ मध्ये ‘कीझबी नाइट्स’ बाहेर पडली आणि त्याच वर्षी काल्नोकी बँड सोडून गेला. राहिलेल्यांनी नवा गायक घेऊन बँड चालू ठेवला व तीच गाणी ते गावोगाव वाजवीत राहिले. काल्नोकीने पुढे ‘स्ट्रीटलाइट मॅनिफेस्टो’ हा दुसरा बँड काढला. त्याची २००३ सालची ‘एव्हरीथिंग गोज नम्ब’ ही पहिली ध्वनिमुद्रिका पुष्कळांच्या मते त्याची सर्वोत्तम कृती होय. दोन्ही बँड एकाच व्हिक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीचे. ‘कीझबी नाइट्स’ नव्या वेष्टनात पुन्हा बाजारात आणावी असे कंपनीच्या मनात होते. काल्नोकीला नुसते वेष्टन बदलणे रुचले नाही. आणायचेच असेल तर मी सगळे नव्याने गाऊन देतो, असा त्याचा पवित्रा होता; आणि मार्च २००६ मध्ये नव्या वादकांनिशी तीच चौदा गाणी पुन्हा आली.

आता रसिकांचे म्हणणे ऐका. जुन्या मुद्रणाचे पक्षपाती म्हणतात, त्या पहिल्या मुद्रणात पोरवय आहे. ट्रंपेट कोठे कोठे किंचित घसरते, गायकाचा श्वास पुरत नाही, शब्द एकमेकांवर आदळतात. पण गाणी आहेतच मुळी गाव सोडून जाण्याची, मैत्रीची, वैतागाची. ती घाईघाईनेच गायिली पाहिजेत. थोरला भाचा म्हणतो, “मामा, दुसऱ्या खेपेला गाणारा मनुष्य सव्वीसाव्या वर्षाकडे झुकलेला आहे. तो सतराव्या वर्षाचे गाणे म्हणतो ते पाठांतर म्हणून.” धाकट्याचे उत्तर असे, की पहिल्या मुद्रणात तीन-चार वाद्ये एकदम वाजली की नुसता गोंगाट होतो, कोण काय वाजवतो ते कळत नाही, दुसऱ्यात प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी ऐकू येते आणि खाली बॅरिटोन सॅक्सोफोनचा जो भरदार खर्ज आहे, तो जुन्याला सात जन्मांत मिळणार नाही. शिवाय गाणी ज्याची, त्याला ती सुधारण्याचा अधिकार नाही काय?

कोणी म्हणेल, ज्याने जे आधी ऐकले त्याला ते प्रिय, यापलीकडे या वादात काही नाही. थोरल्याने शाळेत असताना पहिली ऐकली. धाकटा २००३ च्या ध्वनिमुद्रिकेच्या वाटेने आला, तेव्हा त्याच्या कानांवर प्रथम दुसरीच पडली. हे खरेच आहे. परंतु एवढ्यावर प्रकरण मिटविणे मला पटत नाही. साधी आवडनिवड असती तर वीस वर्षे कोणी भांडले नसते. जुन्या रसिकांना जे लागले, ते निराळे आहे. कर्त्याने पुन्हा गायिले याचाच अर्थ असा, की तुम्ही ज्यावर जीव टाकलात, जे ऐकत तुम्ही पहिली नोकरी धरली, पहिले प्रेम गमावले, ते कच्चे होते. आता पक्के घ्या. प्रेमाने जपलेल्या वस्तूला तिच्या कारागिरानेच सदोष ठरविले, की जपणारा स्वतःही थोडा सदोष ठरतो.

आपल्या माळव्याला अशा वादांची सवय आहे. देवासच्या कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला, त्यावर आमच्या घरी वडीलधाऱ्यांत कडाक्याचे वाद झडत. ज्यांनी नारायणरावांना प्रत्यक्ष ऐकले होते त्यांना वाटे, मूळ सोने असताना हे कशाला? कुमारांचे भक्त म्हणत, हे सोने नव्याने तापवून दाखविले आहे. मात्र कुमारांनी शीर्षकातच ‘मला उमजलेले’ असे म्हणून आपली जागा सांगून टाकली होती. काल्नोकीने नाव तेच ठेवले, क्रम तोच ठेवला. खटका नेमका तेथे उडाला.

दुसरी एक गोष्ट रसिकांच्या वादात फारशी निघत नाही आणि ती मला महत्त्वाची वाटते. गाणे रचले काल्नोकीने, हे मान्य. पण १९९८ चे मुद्रण एकट्याचे नव्हते. त्यात दुसऱ्या मुलांचा श्वास होता, त्यांच्या बोटांची चूकभूल होती. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती मूळ शब्द परत मिळावा म्हणून, आपला शब्द घालण्यासाठी नव्हे. येथे कर्ता आपलाच पाठ बदलत होता, आणि बदलताना सोबत्यांचे वादन पुसून तेथे दुसऱ्यांचे ठेवीत होता. ते सोबती कोठे गेले म्हणाल तर ते स्वस्थ बसले नव्हते. त्याच २००६ साली ‘कॅच २२’ ने ‘पर्मनंट रेव्होल्यूशन’ ही ध्वनिमुद्रिका काढली, आणि तिचा विषय कोणता? रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की याचे चरित्र! नाचायला लावणाऱ्या तालावर ट्रॉट्स्की! जुन्या गाण्यांची मालकी कोणाची यावर रसिक भांडत असता मूळ बँड अशा भलत्याच वाटेने निघून गेला होता, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटते.

मालकीचा प्रश्न पुढे खरोखरच ऐरणीवर आला. ३० एप्रिल २०१३ रोजी ‘स्ट्रीटलाइट मॅनिफेस्टो’ ची ‘द हँड्स दॅट थीव्ह’ प्रसिद्ध झाली. दहाच गाणी, पण लांबलचक, वळणावळणांची. तिच्यावर मते देण्याआधीच रसिकांपुढे पेच पडला, कारण बँडचा व कंपनीचा बेबनाव इतका विकोपाला गेला होता की कंपनीकडून आमच्या वस्तू विकत घेऊ नका, असे बँडनेच चाहत्यांना कळविले. वर्षानुवर्षे वाट पाहिलेली कृती समोर आहे आणि कर्ता म्हणतो, घेऊ नका! धाकट्या भाच्याने घेतली नाही. जलशाला जाऊन तेथे बँडच्या हाती पैसे दिले. थोरल्याने घेतली. कंपनीच्या कागदावर सही मी केलेली नाही, मला गाणी हवी आहेत, असे त्याचे रोखठोक म्हणणे. पुढे २०१५ साली हे भांडण न्यायालयात गेले. यानंतर अमेरिकेत गायक आपलीच जुनी गाणी पुन्हा गाऊ लागले की त्यामागे मालकी शोधण्याची रीत पडली. टेलर स्विफ्ट या गायिकेने २०२१ पासून आपल्या जुन्या ध्वनिमुद्रिका याच कारणाने नव्याने गायिल्या, आणि तिच्या चाहत्यांनी नव्या मुद्रणांना न्यायाचे काम मानून डोक्यावर घेतले. काल्नोकीच्या चाहत्यांना २००६ साली तो आधार नव्हता. त्याने पुन्हा गायिले ते त्याच कंपनीसाठी. निमित्त केवळ गाणे अधिक चांगले व्हावे एवढेच. मालकीसाठी पुन्हा गायिलेले लोक क्षमा करतात, सुधारण्यासाठी पुन्हा गायिलेले करीत नाहीत, हे मला विलक्षण वाटते. सुधारणे हाच तर कलावंताचा धर्म!

निवाडा मागितला आहे, तर तो टाळणे बरे नव्हे. मी आठवडाभर रात्री जेवणानंतर दोन्ही ऐकल्या. घरच्या मंडळींनी दार लोटून घेतले, त्याला माझी हरकत नाही. बहुतेक गाण्यांत दुसरे मुद्रण सरस आहे, याविषयी मला शंका नाही. पितळी वाद्यांचे परस्परांशी बोलणे पहिल्यात आहे तसे दुसऱ्यातही आहे, पण दुसऱ्यात ते समजते. शिक्षकाला सुवाच्य प्रत आवडायचीच. शीर्षकगीत मात्र मी थोरल्याला देतो. त्यात जी उतावीळ आहे ती नव्या गायनात निवळली आहे, आणि निवळल्यावर त्या गाण्यात उरते ते थोडे.

मरण समोर उभे असलेल्या माणसाविषयीचे एक गाणे शेवटाजवळ येते. त्याचे नाव दूर जात विरणाऱ्या पावलांवरून ठेवलेले आहे. पहिल्या मुद्रणात तो मुलगा हे गाणे धीटपणे गातो. मृत्यू त्याला ऐकून माहीत आहे. दुसऱ्यात तेच शब्द, तोच वेग. पण आवाज काही ठिकाणी किंचित थांबल्यासारखा वाटतो. मधल्या आठ वर्षांत काय घडले ते त्याचे त्याला ठाऊक. हे गाणे मी धाकट्याच्या पदरात टाकले आहे, आणि तसे दोघांना कळविलेही आहे. थोरल्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.