देणगी जमा झाल्यानंतर

निधिसंकलन करणाऱ्या कार्यकर्त्यांची आंतरराष्ट्रीय परिषद दरवर्षी नेदरलँड्समध्ये भरते. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे ती ऑनलाइन भरवावी लागली. प्रवास व निवासाचा खर्च न पेलणाऱ्या छोट्या संस्थांनाही अशा ऑनलाइन परिषदांमुळे जागतिक अनुभवाचा लाभ घेता येतो, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र त्यातून केवळ नव्या तंत्रांची यादी घेऊन परतणे पुरेसे नाही.

सभागृहातून उठून जाणारा श्रोता वक्त्याला दिसतो. पडद्यावरील श्रोता केव्हा निघून गेला, हे कळतही नाही. देणगीदाराचेही तसेच आहे. तो तक्रार करीत नाही. पुढील वर्षी देणगी पाठवीत नाही, इतकेच.

२०१६ मध्ये यूपीआय आले आणि पैसे पाठविणे क्षणाचे काम झाले. परंतु क्यूआर कोडद्वारे आलेल्या रकमेसोबत देणाऱ्याचा पत्ता वा पॅन क्रमांक येत नाही. आभार कोणाला मानावयाचे, पावती कोठे पाठवावयाची, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून कलम ८०-जी खालील देणग्यांचे विवरण आयकर विभागास सादर करून देणगीदारास प्रमाणपत्र देणे संस्थांना बंधनकारक झाले. त्यात हयगय झाल्यास जुन्या करप्रणालीतील देणगीदार हक्काच्या वजावटीस मुकू शकतो. एकदा असा अनुभव आलेला मनुष्य पुन्हा त्या संस्थेकडे वळेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

१९७९ साली रिप्पन कपूर व त्यांच्या मित्रांनी अवघ्या पन्नास रुपयांनिशी सुरू केलेली 'क्राय' ही संस्था शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून घरोघरी पोहोचली. इंटरनेट नसतानाही सामान्य माणसाशी नाते जोडता येते, याचा हा वस्तुपाठ होय.

तेव्हा प्रत्येक संस्थेने क्यूआर कोडशेजारी नाव, पत्ता व पॅन नोंदविण्याची सोय करावी. पावती त्वरित द्यावी. वर्षअखेरीस निधीच्या विनियोगाचा एक पानी हिशेब, रक्कम लहान असो वा मोठी, प्रत्येक देणगीदारास पाठवावा. न्यासाचे खाते उघडताना बँक कर्मचाऱ्यांनीही ही बाब आवर्जून समजावून सांगावी. देणगीदारांनीही पावती मागण्यात संकोच बाळगू नये. रक्कम सुखरूप पोहोचविणे हे बँकेचे काम. तिच्यासोबत आलेला विश्वास जपणे हे मात्र संस्थेचेच कर्तव्य आहे.