नेरूळमधली ती फायनल
६ फेब्रुवारी २०२२. लतादीदींच्या निधनाने महाराष्ट्र सुन्न होता. त्याच संध्याकाळी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला फुटबॉल आशिया चषकाची फायनल झाली, ती कुणाच्या लक्षात राहणार? मध्यंतराला दक्षिण कोरिया चीनविरुद्ध २-० ने पुढे, त्यातला दुसरा गोल पेनल्टीवर. ६८व्या मिनिटाला चीनलाही पेनल्टी मिळाली, तांग जियालीने ती चुकवली नाही. चारच मिनिटांत झांग लिनयानचा हेडर जाळ्यात, बरोबरी! आणि भरपाई वेळेत शाओ युयीने चीनचा तिसरा गोल ठोकला. काय ती जिगर! कोरोनामुळे आपल्या मुलींना मात्र ही स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली, ती सल अजून जात नाही. नवी मुंबईकरांनो, मुली पुन्हा इथे फुटबॉल खेळतील तेव्हा स्टेडियम भरून टाका.