उल्लेखांची मोजदाद आणि विद्वत्तेची पारख



माणसाचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच त्याची योग्यता ठरवून टाकण्याची रीत या देशाला नवी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला ज्या धर्मव्यवस्थेतून बाहेर काढले, तिचा पायाच तो होता. आज विद्यापीठांच्या व संशोधनसंस्थांच्या दारात पारखीचे निराळेच माप उभे आहे. ते जन्माचे नसून आकड्याचे आहे. म्हणून ते निःपक्षपाती आहे, अशी आपली समजूत करून दिली जाते. ही समजूत तपासून घेणे आपले कर्तव्य होय.

हे माप असे आहे. एका संशोधकाने निबंध प्रसिद्ध केला व दुसऱ्याने आपल्या निबंधात त्याचा आधार दिला, म्हणजे पहिल्याच्या खात्यावर एक उल्लेख जमा होतो. अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये अशा उल्लेखांची सूची सुरू केली. एखादा विचार पुढे कोठे गेला, हे वाचकास शोधता यावे हा तिचा हेतू. पुढे २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. ज्याच्या २० निबंधांचे प्रत्येकी निदान २० उल्लेख झाले, त्याचा निर्देशांक २०. शोधाचे साधन अशा रीतीने माणसे तोलण्याचा तराजू झाले.

जयसिंगपूर हे गाव शाहू महाराजांनी वसविले व त्यास आपल्या जन्मदात्या पित्याचे नाव दिले. याच राजाने १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या आणि १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीर केले. त्या जयसिंगपुरातील एखाद्या बौद्ध घरातील, महाविद्यालयात जाणारी पहिलीच मुलगी मेंदूविज्ञानात संशोधन करू म्हणेल, तर हा तराजू तिला काय सांगेल?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोळे यांचे उदाहरण घ्या. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध आला. उंदराच्या गर्भात मेंदूचे बाह्यक घडत असता ‘एलएचएक्स-२’ हे जनुक काय करते, ते त्यात दाखविले आहे. ज्या पेशींत ते नसते त्या बाह्यक बनत नाहीत. उलट शेजारच्या पेशींना, स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग घडविण्याचा संकेत देऊ लागतात. डॉ. टोळे यांना २०१० चा भटनागर पुरस्कार व २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार लाभला, तो यथार्थच होय. परंतु त्या निबंधावर दहाहून अधिक नावे आहेत. मुंबई व कॅलिफोर्निया येथील प्रयोगशाळांच्या सहकार्याचे ते फळ आहे. शोध कोणता, कोणी काय केले, पाठीशी साधनांचे बळ किती, यांपैकी काहीही उल्लेखांच्या आकड्यावरून कळत नाही.

आणि या तराजूवर भाकरी अवलंबून आहे! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत, प्रभावगुणांक नसलेल्या नियतकालिकातील निबंधास ५ वाढीव गुण ठेवले. १० हून अधिक प्रभावगुणांकाच्या नियतकालिकातील निबंधास ३०. ‘नेचर न्यूरोसायन्स’सारख्या नियतकालिकाने २०२१ पासून निबंध सर्वांस मोफत वाचावयास खुला ठेवण्याचा आकार ९,५०० युरो लावला. पैसे न भरताही निबंध छापता येतो. मात्र तो वर्गणीदारांपुरताच उरतो. ज्या ग्रंथालयास वर्गणी परवडत नाही, तेथील वाचक त्याचा उल्लेख कोठून करणार?

हाच तराजू बाबासाहेबांना लावून पाहा. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांचे भाषण होऊ दिले नाही; तेव्हा ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ त्यांनी स्वखर्चाने छापले. इंग्रजीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. ना नियतकालिक, ना प्रभावगुणांक! निबंधांच्या त्या रकान्यात या ग्रंथास गुण किती? शून्य.

भगवान बुद्धांनी कालामांना काय शिकविले? परंपरेने आले म्हणून, पुष्कळ लोक म्हणतात म्हणून, वा सांगणारा थोर दिसतो म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. उल्लेखांचा आकडा म्हणजे पुष्कळांचे म्हणणेच नव्हे काय? तो विचारात घ्यावा. त्यास निकाल मानू नये. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या वैज्ञानिकांनीही हीच भूमिका घेतली: निबंध कोठे छापला हे न पाहता त्यात काय आहे ते पाहा.

यास्तव आपली मागणी स्पष्ट असावी. निवड समितीने उमेदवाराचे निवडक निबंध प्रत्यक्ष वाचावेत व आपल्या निर्णयाची कारणे लेखी द्यावीत. मोजावयाचेच असेल तर प्रत्येक संशोधनसंस्थेत अनुसूचित जातींचे अध्यापक किती, हेही मोजून प्रसिद्ध करावे. आणि विद्यार्थ्यांनो, या मापाचा तिरस्कार करून घरी बसू नका. त्याचे नियम शिकून घ्या, निबंधावर आपले नाव कोणत्या क्रमाने येते ते दक्षतेने पाहा, प्रयोगशाळेत आपली जागा मिळवा. मात्र आकडा लहान आहे म्हणून आपली बुद्धी लहान आहे, असे कोणी म्हटल्यास ते मान्य करू नका. जन्मावरून ठरलेली योग्यता ज्या समाजाने नाकारली, त्याने न वाचता ठरविलेली योग्यता का पत्करावी?