यंत्र आपले, लगाम दुसऱ्याच्या हाती

पटाशीने नक्षीचा एक दरवाजा उतरविण्यास कारागिराचे कित्येक दिवस जात. तेच काम सी.एन.सी. राऊटर काही तासांत करून देतो. त्यामुळे दरवाजे, जाळ्या, पलंग यांचे काम करणाऱ्या लहान कारखान्यांतूनही आता हे यंत्र दिसू लागले आहे. कोणी कर्ज काढून, कोणी घरातील दागिने मोडून ते आणले आहे. नव्या यंत्राला आमचा विरोध नाही. जो धंदा काळाबरोबर चालत नाही तो मागे पडतो, हे आम्ही जाणतो. आमची तक्रार वेगळीच आहे.

यंत्र घेताना आपले व्यावसायिक बंधू लोखंड पाहतात. स्पिंडल किती किलोवॉटचा, बेडवर आठ बाय चारची शीट पूर्ण बसते की नाही, किंमत किती कमी होईल, याची कसून चौकशी होते. परंतु या लोखंडाला हुकूम देणारे जे नियंत्रण सॉफ्टवेअर, त्याबद्दल एकच प्रश्न विचारला जातो : "चालवायला पोरगा मिळेल ना?" आमच्या मते सगळ्या अडचणींचे मूळ या एका प्रश्नात आहे.

आमच्या माहितीतील एका कारखान्याची गोष्ट सांगतो. ऑपरेटर मुलाला दुसरीकडे जास्त पगार मिळाला आणि तो गेला. निघताना यंत्र मध्येच बंद केलेले होते. दुसऱ्या दिवशी चालू केले तर पडद्यावर लाल अक्षरे. यंत्र सतरा दिवस चादरीखाली पडून राहिले, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. शेवटी विक्रेत्याचा माणूस आला. त्याने यंत्र 'होम'ला, म्हणजे त्याच्या मूळ ठिकाणी नेले, लाल अक्षरे गेली आणि काम सुरू झाले. पाच मिनिटांचे काम! चाळीस वर्षे लाकडात घालवलेले मिस्त्री हे सारे शेजारी उभे राहून पाहत होते. त्यांना कधी कोणी शिकविलेच नव्हते. तो मुलगा त्यांना नेहमी म्हणत असे, "चाचा, हे तुमचे काम नव्हे." मालकालाही तेच वाटत होते.

हे खरोखरच मिस्त्रींचे काम नव्हे काय? थोडे समजून घेऊ.

आकड्यांच्या हुकमावर चालणारे पहिले यंत्र अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९५२ साली दाखविण्यात आले. तेव्हा हुकूम कागदी पट्टीवरील छिद्रांतून दिले जात. आज ते संगणकाच्या फाइलमधून जातात, पण तत्त्व तेच आहे. चित्र एका सॉफ्टवेअरमध्ये काढले जाते, बिटने कोणत्या वाटेने फिरायचे ते दुसऱ्यात ठरते आणि त्यातून जी-कोडची फाइल तयार होते. नियंत्रण सॉफ्टवेअर ही फाइल ओळीओळीने वाचून मोटरी फिरविते. ते आज्ञाधारक आहे, पण शहाणे नाही. फाइल इंचांत आणि यंत्र मिलिमीटरवर असेल, तर माप पंचवीस पटींहून अधिक चुकते आणि यंत्र मुकाट्याने ते चुकीचे माप कापत बसते.

याहून महत्त्वाची बाब पुढे आहे. स्वस्त यंत्रांतील साध्या स्टेपर मोटरी संगणकाला उलट निरोप पाठवीत नाहीत. गाठीत बिट अडकून मोटर दोन मिलिमीटर मागे राहिली, तरी पडद्यावरचे आकडे ऐटीत पुढेच जातात. पडदा म्हणतो सर्व ठीक, आणि खाली सागवानाचा दरवाजा वाया जात असतो. तो आवाज कोणाचा कान ओळखतो? मिस्त्रीचा.

वेगाचेही तसेच. स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल, बिटला दोन धारा असतील आणि प्रत्येक धारेने ०.१ मिलिमीटर लाकूड काढायचे असेल, तर बिटने मिनिटाला ३,६०० मिलिमीटर पुढे सरकले पाहिजे. घाबरून वेग १,२०० ठेवला तर धार कापण्याऐवजी घासू लागते, लाकूड काळे पडते, बिट जळते. हा हिशेब मुलगा पाठ करील. पण समोरचे लाकूड कडक आहे की भुसभुशीत, रेघ कोणत्या दिशेने आहे, वास जळका येतो की नाही, हे ओळखून चालू कामात वेग कमीजास्त करणे ज्याचे आयुष्य लाकडात गेले त्यालाच जमते. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये सोय असते. फक्त ती त्याच्या हाताखाली नसते.

यावर आक्षेप येईल की, मिस्त्रींना इंग्रजी येत नाही, वय झाले आहे. हा आक्षेप आम्हास मान्य नाही. ज्याने सुतात मापे घेत आयुष्य काढले, आठ सुतांचा एक इंच आणि सहा सूत म्हणजे एकोणीस मिलिमीटरचा प्लाय हा हिशेब जो तोंडी करतो, त्याला एक्स, वाय, झेड या तीन दिशा समजणार नाहीत? रोजच्या कामाला लागणारे शब्द दहा-बारा आहेत. 'होम'ला नेणे, शीटच्या कोपऱ्यावर शून्य धरणे, बिट बदलले की झेडचे शून्य पुन्हा घेणे, लाकडाच्या वर हवेत एकदा फिरवून पाहणे, थांबविणे, वेग बदलणे, आणि वीज गेली तर परत 'होम' करून थांबलेल्या ओळीपासून पुढे जाणे. रोज एक तास दिला तर महिन्याभरात हे हातात बसते.

मालकांनाही चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. यंत्राचा सौदा करतानाच दोन माणसांचे शिक्षण लेखी मागून घ्यावे, आणि त्यांतील एक मिस्त्री असावा. सॉफ्टवेअरमधील सर्व मूळ आकड्यांची नक्कल पेनड्राइव्हवर ठेवावी व कागदावर छापून कपाटात ठेवावी. पासवर्ड एकट्या नोकराजवळ राहू देऊ नये. चोरीचे सॉफ्टवेअर घेऊ नये. ते अप्रामाणिकपणाचे तर आहेच, शिवाय बिघडल्यावर दाद मागायला दार उरत नाही. लिनक्स-सी.एन.सी. आणि लहान यंत्रांसाठीचे जी.आर.बी.एल. ही दोन्ही विनामूल्य व कायदेशीर आहेत. आणि आणीबाणीचे लाल बटण पडद्यावरचे नव्हे, तर वीज तोडणारे खरे असावे, ते प्रत्येकाच्या हाताच्या अंतरावर असावे.

ऑपरेटर मुलांवर आमचा राग नाही. तीही आपलीच मुले आहेत, जास्त पगारासाठी जाण्याचा त्यांना हक्क आहे. उलट जो मुलगा मिस्त्रींना पडदा शिकवील आणि त्यांच्याकडून लाकूड शिकेल, त्याचा पगार मालकाने आपणहून वाढवावा. तो मुलगा उद्याचा पुरा कारागीर आहे.

यंत्र हप्त्याने मिळते, हुनर हप्त्याने मिळत नाही. ते आपल्याच कारखान्याच्या कोपऱ्यात, रंधा हातात घेऊन बसलेले आहे. त्याला स्टूल देऊन पडद्यासमोर बसवायचे, एवढेच आपल्याला करायचे आहे. नव्या यंत्राची चौकशी करण्यापूर्वी व्यावसायिक बंधूंनी याचा विचार करावा, ही विनंती.